आधी गिऱ्हाईक, मग एटीव्ही

मे संपत आला की अलिबाग तालुक्यातल्या नागाव, आक्षी, वरसोलीच्या किनाऱ्यांवरच्या एटीव्ही, म्हणजे वाळू-मातीत चालणाऱ्या चारचाकी गाड्या, ताडपत्रीखाली जातात. पावसाळ्यात धंदा बंद, जागा मात्र अडून राहते, आणि चार गाड्यांत एखादी कुरकुर करणारी असतेच. मग मोबाइलवर फोटो फिरू लागतात. 'एटीव्ही विकणे आहे. किरकोळ काम. तीस हजार.' असा फोटो घेऊन दर वर्षी दोन-तीन तरुण माझ्या गॅरेजात येतात आणि विचारतात, "काका, घेऊन दुरुस्त करू आणि विकू का? पाच-दहा हजार सुटतील ना?"

सुटतात, मी सोडवले आहेत. पण ते पैसे पाना फिरवून मिळत नाहीत. गाडी बघायला गेलेल्या त्या एका तासात ते मिळतात किंवा बुडतात. म्हणून तो तास कसा वापरायचा आणि त्याच्या आधी-नंतर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

पायरी १ : घेणारा कोण, ते आधी शोधा

मोटारसायकल विकायला निघाली तर अख्खं गाव गिऱ्हाईक असतं. एटीव्हीचं तसं नाही. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक ११० ते १२५ सीसीच्या चिनी बनावटीच्या एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही, आणि मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. पोलारिसच्या स्पोर्ट्समन ५७० सारखं ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल असं मॉडेल भारतात आलं, पण ते अपवादातलं आणि कितीतरी महाग. तुमच्यासमोर जी गाडी येईल ती कुंपणाच्या आत चालवायची गाडी आहे, हे धरून चाला.

मग घेणारे उरतात मोजके. फार्महाउसवाले, रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रं, साहसी खेळांची पार्कं आणि किनाऱ्यावर राइड देणारे. गाडी बघायला निघण्याआधी यांतल्या तिघा-चौघांना फोन करा. दोनच प्रश्न विचारा : चालू, धडधाकट एटीव्ही मिळाली तर घ्याल का, आणि किती द्याल? हे विचारायला लाजू नका. दोन ठिकाणांहून ठोस आकडा मिळाला नाही तर गाडी कितीही स्वस्त असो, तिथेच थांबा. विकली न जाणारी एटीव्ही अंगणातली जागा खाते आणि रोज थोडी थोडी गंजते.

किनाऱ्यावर चालवण्यासाठी कोणी मागत असेल तर त्याच्याकडे परवानगी आहे का, ते स्पष्ट विचारा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथल्या वाळूवरून चाक गेलं की घरटं दडपतं आणि पिल्लांची समुद्राकडची वाट मोडते. अशा जागेसाठी मी गाडी देत नाही, तुम्हीही देऊ नका.

पायरी २ : कागद बघा, मगच किल्ली मागा

आरसी बुक नाही म्हणजे कागदच नाहीत, असं विक्रेते सर्रास म्हणतात. ते खरं नाही. गाडी कुठून तरी विकत घेतलेली असते, त्याचं बिल असतं. पहिल्या बिलाची प्रत मागा. मधे कोणी मालक झाला असेल तर त्याने लिहून दिलेला कागद मागा. बिलावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः ताडून बघा. तो बहुधा पुढच्या बाजूला चासीच्या नळीवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या केसिंगवर. नंबरावर ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील किंवा तेवढ्याच जागी नवा रंग असेल तर गाडीला हात न लावता निघून या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' हे नंतर पटवून देणं फार जड जातं.

चासी नंबर १७ अक्षरांचा असेल तर त्यातून आणखीही काही कळतं. पहिलं अक्षर 'एल' म्हणजे गाडी चीनमध्ये बनलेली. दहावं अक्षर बहुतेकदा वर्ष सांगतं : 'एफ' म्हणजे २०१५, 'जे' म्हणजे २०१८, 'एम' म्हणजे २०२१. विक्रेता 'दोनच सीझन वापरली' म्हणत असेल आणि दहावं अक्षर 'एफ' निघालं, तर त्याचं पुढचं प्रत्येक वाक्य तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून बघावं लागेल.

पायरी ३ : सकाळी जा, गार इंजिन बघा

विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा : "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा हात सायलेन्सरजवळ न्या. ऊब लागली तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे. गार असताना गाडी उठत नाही, हेच बहुतेक वेळा लपवायचं असतं. अशा वेळी भांडू नका. चहा घ्या, तासभर थांबा, मग बघा.

सोबत न्यायचं सामान थोडकं आहे : बॅटरी, प्लग पाना, नवा प्लग, कॉम्प्रेशन गेज, अर्धा लिटर ताजं पेट्रोल, मोठा स्क्रू ड्रायव्हर, जॅक किंवा दोन विटा, फडकं. आणि एक माणूस. काही कसोट्या एकट्याने होत नाहीत.

पायरी ४ : मीठ आणि वाळू कुठे शिरली ते शोधा

किनाऱ्यावर राबलेल्या गाडीचे दोन शत्रू असतात. मीठ बाहेरून खातं, वाळू आतून.

मिठासाठी गाडीखाली आडवे व्हा. वरचा प्लॅस्टिकचा भाग चकचकीत असू शकतो, त्याला फसू नका. चासीच्या नळ्या खालून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. निरोगी नळी खणखणीत वाजते, सडलेली बद्द वाजते. पुढच्या चाकांचे चिमटे चासीला जिथे जोडलेले असतात ते वेल्डिंग आणि मागच्या चिमट्याचा बोल्ट, या जागा बोटाने चाचपा. सगळी चासी मळलेली आणि एखाद्या जोडावरच ताजा काळा रंग दिसला, तर त्या रंगाखाली काय आहे हे विचारा. माझ्या दुसऱ्याच गाडीत मी हे विचारलं नाही. इंजिनचा आवाज गोड लागला, पैसे देऊन मोकळा झालो. गॅरेजात रंग खरवडला तर खाली बोटभर लांब भेग होती, वरून बॉडी फिलर भरलेलं. वेल्डिंग करूनही त्या चासीवर कोणाला बसवायला मन धजेना. शेवटी तिचं इंजिन दुसऱ्या गाडीत गेलं आणि बाकीचं भंगारात.

वायरिंगचे कनेक्टर उघडून बघा. तांब्यावर हिरवी बुरशी चढली असेल तर दोन-चार तारा बदलून भागत नाही, पूर्ण वायरिंग धरावी लागते.

वाळूसाठी एकच जागा बघितली तरी पुरते, आणि नव्वद टक्के लोक तीच बघत नाहीत. एअर फिल्टर काढा. फिल्टर मळका असला तर हरकत नाही, मळ धरणं हेच त्याचं काम. त्याच्या पलीकडे कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घाला आणि आतून फिरवून बाहेर काढा. बोट स्वच्छ आलं तर फिल्टरने इंजिन जपलं. बोटाच्या टोकाला कचकच लागली तर इंजिनने वाळू खाल्ली आहे. वाळू पिस्टन आणि बोअरच्या मधे पॉलिश पेपरासारखी घासते. अशा इंजिनला बोअर-पिस्टन लागणार हे धरून चाला, आवाज कितीही मऊ असो.

पायरी ५ : इंजिनला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न तेलाला. ऑइलची कांडी काढून फडक्यावर पुसा. काळं तेल म्हणजे उशिरा बदललेलं तेल, ते चालेल. दुधी चहासारखं तेल म्हणजे आत पाणी. भरतीच्या पाण्यात घातलेल्या गाडीत हे हमखास दिसतं, आणि खारं पाणी असेल तर आतली बेअरिंगही गंजलेली असू शकतात.

दुसरा प्रश्न कॉम्प्रेशनला. प्लग काढा, गेज लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून सेल्फ मारा, काटा थांबेपर्यंत. या लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत १२० पीएसआयच्या वर आकडा आला की मी पुढे जातो. १००च्या खाली आला तर दुरुस्तीचा खर्च धरतो. मग कुठली दुरुस्ती? प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर रिंग-बोअर झिजले आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, हेड उघडावं लागेल. चमचाभर तेलात लेथवाल्याकडे काय न्यायचं ते कळतं.

तिसरा प्रश्न धुराला. गाडी उठताना एकदाच निळसर धूर आला आणि गेला तर व्हॉल्व्ह सील. अॅक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर म्हणजे रिंग. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटरचं काम. हे त्यातल्या त्यात स्वस्त दुखणं.

चौथा प्रश्न गिअरला. पुढचा गिअर, न्यूट्रल, रिव्हर्स, प्रत्येक दोनदा टाकून बघा. रिव्हर्स पडताना करकरला किंवा सुटून आला तर इंजिन खोलावं लागतं. रिसॉर्टवाला रिव्हर्सशिवायची गाडी घेत नाही.

गाडी अजिबात उठतच नसेल तर घाबरू नका, पण 'कार्ब्युरेटर साफ केला की चालू होईल' या शब्दावर पैसेही देऊ नका. चार महिने ताडपत्रीखाली राहिलेल्या गाडीत खरोखरच हे होतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पावसाळी हवेतला ओलावा ओढतं, कार्ब्युरेटरच्या कटोरीत हिरवट चिकटा धरतो आणि पायलट जेटचं सुईच्या टोकाएवढं भोक बुजतं. पण ते सिद्ध करून घ्या. प्लगवर ठिणगी पडते का बघा, मग एअर इनटेकमधून चमचाभर ताजं पेट्रोल सोडून सेल्फ मारा, तोंड आणि हात बाजूला ठेवून. चार-पाच सेकंद भडभडून बंद पडली तर दुखणं पेट्रोल पुरवठ्यात आहे. ठिणगीच नसेल तर सीडीआय, मॅग्नेट कॉइल, इंजिन बंद करणारा किल स्विच यांपैकी काहीही असू शकतं. कॉम्प्रेशनच नसेल तर ती वेगळ्याच भावाची गाडी आहे.

पायरी ६ : चाकं, एक्सल, स्टेअरिंग

आता सोबतच्या माणसाचं काम. त्याला गाडीवर बसवा, मागचा ब्रेक घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही गाडी पुढे-मागे ढकला. ब्रेक धरलेला असतानाही चाक एक्सलवर कटकट हलत असेल तर हब किंवा एक्सलचे दाते झिजले आहेत. मग मागचा भाग विटांवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. इथे हलणं म्हणजे एक्सल बेअरिंग गेलेली. बेअरिंग स्वस्त असते, एक्सल महाग. बेअरिंगने बराच काळ त्रास दिला असेल तर तिने एक्सललाही खाच पाडलेली असते, त्यामुळे दोन्हींचा खर्च विचारून घ्या.

पुढची चाकं उचलून आडवी हलवा : टाय रॉड. उभी हलवा : बॉल जॉइंट आणि बेअरिंग. हँडल सरळ धरून गाडी मागून बघा. पुढचं एक चाक आत, एक बाहेर दिसत असेल तर कुठेतरी धडकलेली आहे. चिमटा वाकला असेल तर सरळ करून घेऊ नका, बदला.

या भागात काटकसर करू नका, कारण एटीव्ही उलटते आणि उलटली की माणूस खाली सापडतो. बहुतेक लहान एटीव्हींना मागे डिफरन्शिअल नसतं, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर एकाच वेगाने फिरतात. मातीत आतलं चाक घसरून वळण मिळतं. डांबरावर ते घसरत नाही, गाडी सरळ जायला बघते, चालवणारा हँडल आणखी ओढतो आणि गाडी कलते.

पायरी ७ : कागदावर हिशेब करा, मगच तोंड उघडा

विक्रेत्याचा भाव हा हिशेबाचा आरंभ नसतो. आरंभ शेवटाकडून करायचा : पायरी १ मध्ये मिळालेल्या आकड्यांपैकी जो कमी, तो घ्या. त्यातून एकेक वजा करत या. गेल्या मेमध्ये अशाच एका तरुणाला मी वहीच्या पानावर हा हिशेब मांडून दिला. आकडे तुमच्या भागात वेगळे असतील, रीत हीच राहील.

विक्रीचा खात्रीचा भाव : ५२,००० रुपये.

सुटे भाग : टायर दोन ५,०००, चेन-स्प्रॉकेट १,८००, एक्सल बेअरिंग आणि सील १,६००, ब्रेक १,५००, बॅटरी १,४००, कार्ब्युरेटर १,३००, तेल, केबल आणि प्लग ८००. एकूण १३,४०० रुपये.

न दिसलेल्या दुखण्यांसाठी सुट्या भागांच्या खर्चाचा चौथा हिस्सा : ३,३५० रुपये.

टेम्पो, जाऊन-येऊन : २,५०० रुपये.

तुमची मजुरी, २४ तास, तासाला १५० रुपये : ३,६०० रुपये.

जोखमीबद्दल नफा : ७,००० रुपये.

सगळं मिळून २९,८५० रुपये. ५२,०००मधून वजा केले की उरतात २२,१५०. म्हणजे या गाडीला २२ हजारांच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही.

मजुरीची ओळ पोरं नेहमी खोडतात. "घरचंच काम आहे, काका." घरचं असलं तरी ते २४ तास दुसऱ्याच्या गाडीवर लावले असते तर पैसे मिळाले असते. नफ्याची ओळ वेगळी ठेवायची, कारण पाच गाड्यांतली एक तुम्हाला रडवणार आहे आणि तिचा तोटा बाकीच्या चारांनी भरून काढायचा आहे.

सुट्या भागांचे भाव अंदाजाने लिहू नका. दुकानदाराला जुन्या भागाचा फोटो आणि माप पाठवा आणि मिळतो का ते विचारा. या गाड्यांचे नाव-छाप बदलत राहतात. एका छापाचा एक्सल मिळायला महिना लागतो, दुसऱ्याचा मिळतच नाही. न मिळणारा भाग म्हणजे न विकली जाणारी गाडी.

पायरी ८ : भाव बोला, आणि उठायला तयार राहा

विक्रेत्याला गाडीची नालस्ती ऐकवू नका. काय सापडलं ते शांतपणे सांगा : कॉम्प्रेशन इतकं आलं, एक्सल हलतोय, दोन टायर लागतील. त्याला स्वतःलाही हे ठाऊक असतं. मग तुमचा आकडा एकदाच बोला. तो तीसवर अडून बसला तर नंबर देऊन या. जून उजाडला आणि ताडपत्रीवर पाऊस पडू लागला की पुष्कळदा त्याचाच फोन येतो. जमलं तर थोडा इसार द्या, आणि दोघांचं नाव, चासी नंबर, इंजिन नंबर, तारीख, रक्कम लिहून सही घ्या.

पुढच्या चार गोष्टींपैकी एक जरी असेल तर भाव कितीही खाली आला तरी नाही म्हणा : नंबर खाडाखोड केलेला, चासी भेगाळलेली किंवा सडलेली, खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन, आणि सुटे भाग न मिळणारी गाडी.

पायरी ९ : दुरुस्तीचा क्रम

आधी थांबणं, मग वळणं, मग चालणं, शेवटी दिसणं. म्हणजे ब्रेक आणि किल स्विच पहिले, स्टेअरिंग आणि बेअरिंग दुसरे, इंजिन तिसरं, रंग-स्टिकर शेवटी. पैसे कमी पडले तर शेवटचं टोक कापलं जावं, पहिलं नव्हे. टायरमध्ये हवा भरताना टायरवर किंवा गाडीवरच्या लेबलवर लिहिलेला दाब बघा. बहुतेक एटीव्हींना तो एक आकडी पीएसआय असतो. पंपावरचा पोरगा सवयीने तीस भरतो, आणि मग गाडी खड्ड्यावरून चेंडूसारखी उडते.

गाडी देताना केलेल्या कामाची यादी आणि न केलेल्या कामाचीही यादी लिहून द्या. एका वेळी एकच माणूस, डोक्यावर हेल्मेट, डांबरी रस्त्यावर नाही, हे तोंडाने सांगा आणि कागदावरही लिहा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवू नये. आपल्याकडे सहलीला आलेली दहा-बारा वर्षांची मुलंच सगळ्यात आधी हँडल मागतात. घेणाऱ्याला हे सांगताना संकोच वाटू देऊ नका.

गाडी टेम्पोत चढवण्याआधी मी एक काम न चुकता करतो. किल स्विचची दोरी माझ्या मनगटाला बांधतो, गाडी गॅरेजमागच्या मातीत पहिल्या गिअरवर सोडतो आणि दोरी ओढतो. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. लागोपाठ तीनदा बंद पडलं तरच टेम्पोचं फाळकं उघडतो. ज्या गाडीच्या बाबतीत ही दोरी दुसऱ्याच्या मुलाच्या मनगटाला बांधायला तुम्ही निःशंक असाल, तीच विका. आणि बघायला गेलेल्या त्या तासात ही गाडी इथवर आणता येईल असं वाटलं, तरच ती विकत घ्या.